अभिनय-प्रशिक्षणाच्या पद्धती आणि त्यांच्यामागचं विज्ञान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पद्धतींना खरंच शास्त्रीय आधार आहे, की ती नुसती गुरूंची परंपरा आहे?

दोन्ही आहे, आणि दोन्ही एकमेकांत इतकं मिसळलंय की सोडवून पाहावं लागतं. प्रत्येक मोठ्या नाट्यगुरूनं आपल्या काळातलं मानसशास्त्र वाचलं आणि त्यावर व्यायाम उभे केले. पुढे ते मानसशास्त्र बदललं, व्यायाम मात्र तसेच शिकवले जात राहिले. त्यामुळे आज काही व्यायाम उत्तम चालतात, पण ते रचणाऱ्यानं सांगितलेल्या कारणामुळे नव्हे. काहींमागचं कारण ऐकायला भारदस्त वाटतं, पण परिणाम कुणी मोजलेलाच नसतो.

म्हणून 'अमुक पद्धत शास्त्रीय आहे का?' या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. पद्धत म्हणजे पन्नास गोष्टींचं गाठोडं असतं. त्यातला एकेक व्यायाम बाहेर काढून तो नटाच्या शरीरात आणि मनात नेमकं काय घडवतो हे पाहिलं, तरच काही हाती लागतं.

रंगमंचावर रडणारा नट त्या क्षणी खरंच दुःखी असतो का?

हा वाद अडीचशे वर्षं जुना आहे. फ्रेंच विचारवंत डेनिस दिदरो यानं 18व्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या संवादात ठाम भूमिका घेतली: थोर नटाला काहीही वाटत नाही, तो थंड डोक्यानं निरीक्षण करतो आणि नेमकी नक्कल करतो. ज्याला खरंच वाटतं तो आज उत्तम करेल आणि उद्या कोसळेल. हा संवाद त्याच्या मृत्यूनंतर, 1830 मध्ये छापला गेला. 1888 मध्ये विल्यम आर्चर या नाट्यसमीक्षकानं त्याची तपासणी करायचं ठरवलं आणि नटांना चक्क प्रश्नावली पाठवली. उत्तरांतून दिसलं की नटाच्या मनाचा एक भाग भूमिकेसोबत हेलावतो, त्याच वेळी दुसरा भाग प्रकाश, प्रेक्षक आणि पुढचं वाक्य सांभाळत असतो.

शंभर वर्षांनी एली कोनाइन या डच संशोधिकेनं व्यावसायिक नटांना विचारलं की प्रयोगादरम्यान पात्राला काय वाटत होतं आणि तुम्हाला स्वतःला काय वाटत होतं. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत. पात्र भीतीत किंवा शोकात असताना नट बहुधा एकाग्रता, आव्हान, उत्कंठा, काम जमत असल्याचा आनंद असं काहीतरी अनुभवत होते. कोनाइननं यांना कामाशी निगडित भावना म्हटलं. या भावना खोट्या नसतात. नाडी खरोखर वाढते, शरीर खरोखर तापतं. प्रेक्षक ती ऊर्जा पाहतो आणि पात्राच्या खात्यात जमा करतो.

मला हा या क्षेत्रातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष वाटतो. 'मला आतून काही वाटलं नाही, म्हणजे मी खोटं केलं' असं म्हणत तालमीतून खिन्न होऊन बाहेर पडणारी मुलंमुली मी पाहिली आहेत. त्यांना कुणीतरी हे वेळेवर सांगायला हवं.

रशियन नट-दिग्दर्शक आणि नाट्यगुरू स्तानिस्लावस्कीनं विज्ञान कुठून घेतलं?

मुख्यतः फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याच्याकडून. रिबोनं भावनांच्या मानसशास्त्रावर 1896 मध्ये ग्रंथ लिहिला, त्यात भावस्मृतीची कल्पना होती: जुना प्रसंग आठवताना केवळ चित्र न येता त्या वेळची भावनाही पुन्हा जागी होते. स्तानिस्लावस्कीनं ती उचलली आणि मॉस्को आर्ट थिएटरच्या कामात वापरली. गंमत म्हणजे अशी खरी भावस्मृती बहुसंख्य माणसांत नसतेच, असं खुद्द रिबोचं मत होतं. ज्या पायावर एवढी इमारत उभी राहिली, तो पाया घालणाऱ्यालाच तो सर्वांसाठी आहे असं वाटत नव्हतं.

रिबोखेरीज रशियन शरीरशास्त्रातली प्रतिक्षिप्त क्रियांची कल्पना होती. सेचेनोव्हचा मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचा ग्रंथ 1863 चा, म्हणजे स्तानिस्लावस्कीच्या जन्मवर्षाचाच. तिसरा झरा योगाचा. त्याच थिएटरच्या 1912 च्या फर्स्ट स्टुडिओत प्राण, शिथिलीकरण आणि एकाग्रता यांचे व्यायाम होत. त्यासाठी वापरलेली पुस्तकं मात्र रामचारक या नावानं लिहिणाऱ्या एका अमेरिकन लेखकाची होती.

1930 च्या दशकात स्तानिस्लावस्कीचा भर बदलला. भावना ओढून आणता येत नाही, कृती मात्र करता येते, म्हणून आधी पात्राच्या शारीरिक कृतींची साखळी पक्की करा, असं त्याचं म्हणणं झालं. स्वतःच्या मताला अशी मुरड घालणारा गुरू विरळा, आणि या बाबतीत आजचं संशोधन तरुण स्तानिस्लावस्कीपेक्षा म्हाताऱ्या स्तानिस्लावस्कीच्या जास्त जवळ आहे.

भावस्मृतीचा व्यायाम चालतो का? तो धोकादायक असतो का?

चालतो, हे प्रयोगशाळेतही दिसतं. माणसाला मुद्दाम दुःखी किंवा आनंदी मनःस्थितीत न्यायचं असेल तर मानसशास्त्रज्ञ ज्या युक्त्या वापरतात, त्यांत स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग आठवायला लावणं ही एक आहे. पण अशा युक्त्यांची तुलना झाली तेव्हा चित्रपटाचा तुकडा किंवा गोष्ट अधिक प्रभावी ठरली. न्यूयॉर्कमध्ये अभिनयशिक्षक ली स्ट्रासबर्गनं भावस्मृतीला आपल्या 'मेथड' या अभिनयपद्धतीच्या केंद्रस्थानी ठेवलं. अमेरिकन नटी आणि अभिनयशिक्षिका स्टेला ॲडलर 1934 मध्ये पॅरिसला स्तानिस्लावस्कीला भेटून आली आणि तिनं सांगितलं की भर कल्पनेवर आणि पात्राच्या परिस्थितीवर हवा. गोष्ट जर आठवणीपेक्षा जास्त हलवत असेल, तर या भांडणात पारडं ॲडलरच्या बाजूला झुकतं असं माझं मत आहे.

दुसरी अडचण स्मृतीच्या स्वभावाची. आठवण कपाटातल्या फाइलसारखी नसते. दर वेळी काढली की ती पुन्हा नव्यानं घडते. उंदरांवरच्या 2000 मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं की जागी झालेली भीतीची आठवण काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते. नटाच्या अनुभवाशी हे जुळतं: पंधराव्या प्रयोगापर्यंत आजीच्या मृत्यूची तीच आठवण झिजते, डोळ्यांत पाणी येईनासं होतं. मग नट आणखी ताजी, आणखी खोल जखम शोधू लागतो.

धोका तिथेच आहे. एका शिबिरात शिक्षकानं एका मुलीला सगळ्यांसमोर घरातलं मरण आठवायला भाग पाडलं. ती रडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच पुढच्याचा नंबर लागला. तिला सावरायला कुणी थांबलं नाही. मी तिथे होतो आणि बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मानसोपचारात आघाताची आठवण उघडतात तेव्हा ती बंद करण्याची व्यवस्थाही असते, आणि ते काम प्रशिक्षित माणूस करतो. नाट्यशिक्षक तसा प्रशिक्षित नसेल तर त्यानं त्या दाराला हात लावू नये.

'बाहेरून आत' जाणाऱ्या पद्धतींचं काय? हसरा चेहरा केला की आनंद वाटतो का?

याची सुरुवात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सपासून होते. 1884 मध्ये त्यानं मांडलं की आपण घाबरतो म्हणून पळत नाही, पळतो आणि शरीरात होणारे बदल जाणवतात, तीच भीती. डेन्मार्कच्या कार्ल लांगेनं जवळपास तेच स्वतंत्रपणे म्हटलं. रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डनं हे सूत्र उचललं, त्याला अमेरिकन अभियंता टेलरनं केलेल्या कारखान्यातल्या हालचालींच्या अभ्यासाची जोड दिली आणि 1920 च्या दशकात बायोमेकॅनिक्स ही प्रशिक्षणपद्धत उभी केली: बाण मारणं, थप्पड, छातीवर उडी अशा ठरीव हालचालींच्या मालिका, प्रत्येक हालचालीआधी उलट दिशेनं घेतलेली छोटी माघार, मग कृती, मग ठाम थांबा. ती माघार शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी योग्य आहे. स्नायू आधी ताणला की आकुंचन जोरकस होतं, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यालाही पुढे काय येतंय याची चाहूल लागते.

जेम्सचा सिद्धांत मात्र जसाच्या तसा टिकला नाही. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनननं 1927 मध्ये दाखवलं की आतड्यांतले बदल संथ असतात आणि वेगवेगळ्या भावनांत बरेचसे सारखेच असतात. पण शरीर भावनेला काहीच घडवत नाही, असंही नाही. 1983 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि सहकाऱ्यांनी व्यावसायिक नटांना आणि चेहऱ्याचा अभ्यास करणाऱ्या काही शास्त्रज्ञांना दोन कामं दिली. एकात भावनेचं नाव न घेता एकेक स्नायू हलवून चेहरा करायला सांगितला. दुसऱ्यात जुना भावनिक प्रसंग पुन्हा जगायला सांगितला. म्हणजे नाट्यशाळेतलं 'बाहेरून आत' आणि 'आतून बाहेर' हे दोन्ही एकाच प्रयोगात. नाडी आणि बोटांचं तापमान यांतले फरक स्नायूंच्या कामात जास्त स्पष्ट दिसले. मेयरहोल्ड 1940 मध्ये स्तालिनच्या राजवटीत गोळी खाऊन गेला नसता आणि त्याला हे पाहता आलं असतं, तर तो काय म्हणाला असता, असा विचार मनात येतोच.

लगेच झेंडे मिरवायला नकोत. प्रत्येक भावनेची शरीरात ठरलेली खूण असते, ही कल्पना पुढच्या पुराव्यात डळमळीत झाली. 2018 च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात अशा सुसंगत खुणा सापडल्या नाहीत. 1988 मध्ये फ्रिट्झ स्ट्राक यांच्या गटानं दातांत पेन धरायला लावून नकळत हसरा चेहरा करवला होता आणि त्या माणसांना व्यंगचित्रं जास्त मजेशीर वाटली होती. 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी तो पुन्हा केला, तेव्हा परिणाम दिसला नाही. 2022 मध्ये 19 देशांतल्या 3,878 लोकांवर केलेल्या अभ्यासात, चेहरा जाणूनबुजून केला किंवा दुसऱ्याच्या हसण्याची नक्कल केली तर आनंद थोडा वाढतो असं आढळलं. पेनच्या युक्तीबद्दल ठोस काही निघालं नाही.

तालमीसाठी याचा अर्थ असा: शरीर भावनेला ढकलतं, पण हलकेच. नुसत्या मुद्रेनं शोक उभा राहणार नाही. मुद्रा, श्वास, कृती आणि परिस्थितीची कल्पना एकत्र आल्या तर राहू शकतो.

आल्बा इमोटिंग म्हणजे काय?

प्रयोगशाळेत जन्मलेली ही दुर्मीळ अभिनयपद्धत. चिलीतल्या सुसाना ब्लोख या मेंदूवैज्ञानिकेनं 1970 च्या दशकात, एका नाट्यदिग्दर्शकाला सोबत घेऊन, भावना जागी असताना माणसाचा श्वास, अंगस्थिती आणि चेहरा कसे बदलतात हे नोंदवलं. आनंद, राग, दुःख, भीती, शृंगार आणि वात्सल्य अशा सहा भावनांचे नमुने तिनं ठरवले आणि नटांना ते शिकवले.

तिचं सर्वांत मोलाचं योगदान म्हणजे श्वासाला दिलेलं स्थान. 2002 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी लोकांना विशिष्ट प्रकारे श्वास घ्यायला सांगितला, हेतू सांगितला नाही. तरी त्या श्वासाशी जुळणारी भावना लोकांनी नोंदवली. सहाच मूळ भावना आहेत आणि त्यांचे नमुने सर्वांत सारखे आहेत, हा दावा मात्र आज वादग्रस्त आहे.

नाट्यशास्त्रातला अभिनय-विचार आजच्या विज्ञानात बसतो का?

नाट्यशास्त्र हा प्रयोगशाळेचा ग्रंथ नाही, आणि त्याला तसं ठरवण्याचा अट्टहास करण्याची गरजही नाही. पण त्यातलं निरीक्षण विलक्षण आहे. आठ सात्त्विक भाव पाहा: स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच (काटा), स्वरभंग, वेपथू (थरथर), वैवर्ण्य (फिकटपणा), अश्रू, प्रलय (भान हरपणं). यांतले घाम, काटा, फिकटपणा हे सगळे स्वायत्त मज्जासंस्थेचे बदल, म्हणजे इच्छा केली म्हणून लगेच न होणारे. हात-पाय-डोळ्यांच्या आंगिक अभिनयापासून त्यांना वेगळं काढणं, ही फार नेमकी विभागणी आहे.

2000 साली अहल्या हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी नाट्यशास्त्रावर आधारलेले भाव सादर करून ते भारतीय आणि अमेरिकन प्रेक्षकांना दाखवले. दोन्हीकडच्या लोकांनी ते नुसत्या अंदाजानं जमेल त्यापेक्षा बरेच जास्त अचूक ओळखले, आणि त्यांत लज्जेसारखे पाश्चात्त्य यादीत नसलेले भावही होते. अभिनयाच्या संकेतांत शिकलेलं किती आणि मानवी स्वभावाचं किती, या प्रश्नाला अशा कामानं धार येते. रस हा प्रेक्षकात निष्पन्न होतो, हा विचार तर कोनाइनच्या निष्कर्षाच्या शेजारी ठेवून वाचावा असा आहे.

आरशाचा व्यायाम मिरर न्यूरॉनमुळे चालतो ना?

आरशाचा व्यायाम म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या हालचालींची आरशासारखी नक्कल करणं. तो मिरर न्यूरॉनमुळे चालतो असं सर्रास सांगितलं जातं, पण एवढं म्हणण्याइतका पुरावा नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या पार्मा इथे रिझोलाती यांच्या गटाला माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या स्वतः वस्तू उचलताना आणि दुसऱ्यानं उचललेली पाहतानाही उद्दीपित होत. तिथून 'प्रेक्षकाला करुणा वाटते ती याच पेशींमुळे' इथवरची उडी फार लांबची आहे.

व्यायाम चांगला आहे, त्यासाठी न्यूरॉनची साक्ष लागत नाही. लिओर नॉय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये आरशाचा खेळच मोजला. दोन माणसं समोरासमोर, समांतर पट्ट्यांवर मुठी सरकवत. एक पुढे, एक मागे अशी व्यवस्था असली की मागचा सतत छोट्या दुरुस्त्या करत राहतो आणि हालचाल थरथरते. उत्स्फूर्त अभिनयात (इम्प्रोव्हायझेशनमध्ये) मुरलेली माणसं कुणीही पुढारी नसताना खेळली, तेव्हा मधूनमधून असे क्षण आले की दोघांची हालचाल गुळगुळीत आणि एकाच वेळची झाली. आपण तालमीत 'आत्ता लागलं!' म्हणतो, ते आलेखावर दिसलं.

भूमिकेत शिरणं मेंदूत दिसतं का?

थोडंसं. कॅनडात स्टीव्हन ब्राउन यांच्या गटानं 2019 मध्ये प्रशिक्षित नटांना स्कॅनरमध्ये ठेवून रोमिओ किंवा ज्युलिएट म्हणून प्रश्नांची उत्तरं मनातल्या मनात द्यायला सांगितली. स्वतः म्हणून उत्तर देण्याच्या तुलनेत, स्वत्वाशी जोडल्या जाणाऱ्या पुढच्या मेंदूच्या भागांतली हालचाल कमी झाली. मला त्यातली दुसरी नोंद जास्त रोचक वाटते: नट स्वतः म्हणूनच, पण केवळ ब्रिटिश उच्चारात उत्तर देत होते तेव्हाही तसाच सौम्य बदल दिसला. म्हणजे बोलण्याची लकब बदलणं हेही भूमिकेच्या दिशेनं पडलेलं पाऊल आहे.

नट पाठीवर झोपलेला, डोकं न हलवता, आवाज न काढता 'अभिनय' करत होता, हे विसरू नये. डोक्यावर घालायच्या यंत्रांनी खऱ्या तालमीत मोजमापं होऊ लागली आहेत. 2022 च्या अशा एका अभ्यासात, तालमीत बुडालेल्या नटांना स्वतःच्या नावानं हाक मारली तेव्हा मेंदूचा नेहमीचा प्रतिसाद मंदावलेला आढळला. नट थोडेच होते, पण दिशा योग्य आहे.

नट एवढं पाठांतर कसं करतात?

इथे विज्ञान सर्वांत भक्कम आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. हेल्गा आणि टोनी नॉइस या दांपत्यानं, त्यातली एक मानसशास्त्रज्ञ आणि दुसरा नट-दिग्दर्शक, वर्षानुवर्षं हाच विषय लावून धरला. अनुभवी नट घोकत नाहीत. ते संहितेचे हेतूंनुसार तुकडे पाडतात आणि प्रत्येक वाक्याला विचारतात: हे मी आत्ताच का म्हणतोय, समोरच्याकडून मला काय हवंय? शब्द या शोधाच्या ओघात बसतात. हालचाल करत बोललेली वाक्यं स्थिर उभं राहून बोललेल्या वाक्यांपेक्षा नंतर जास्त आठवतात, हेही त्यांना दिसलं. अभिनय न शिकलेल्या विद्यार्थ्यांना हीच रीत सांगितली, तर त्यांनाही फायदा झाला.

स्तानिस्लावस्कीचं 'उद्दिष्ट' आणि 'शारीरिक कृती' ही जोडी याच कारणानं टिकली असावी. ज्यांना वाक्यं विसरण्याची भीती आहे, त्यांनी बसून घोकण्याऐवजी उठून, हेतू धरून तालीम करावी.

'आवाज पोटातून काढ' हे शास्त्रीय आहे का?

शरीररचना म्हणून नाही, सूचना म्हणून उपयोगी. आवाज स्वरतंतूंच्या कंपनातून निघतो, घसा-तोंडाच्या पोकळीत घडतो. हवा फुप्फुसांतच असते. श्वास घेताना फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा (श्वासपटल) खाली गेल्यावर पोटातले अवयव पुढे सरकतात म्हणून पोट फुगतं. बोलताना काम असतं ते श्वास हळूहळू सोडण्याचं, आणि त्यात पोटाचे व बरगड्यांचे स्नायू लागतात. 'पोटातून' म्हटल्यावर खांदे आणि मान सैल सुटतात, हा खरा फायदा.

मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज केवळ मोठा नसतो. प्रशिक्षित आवाजात 3,000 ते 4,000 हर्ट्झच्या आसपास जास्त ऊर्जा असते, आणि साधारण तिथेच आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. नळीतून आवाज काढण्याचा व्यायाम साधा दिसतो, पण तोंडाशी निर्माण होणारा दाब स्वरतंतूंना एकमेकांवर कमी आपटत कंप पावायला मदत करतो. त्याला चांगला सैद्धांतिक आणि प्रायोगिक आधार आहे.

अलेक्झांडर टेक्निक?

डोकं, मान आणि पाठ यांचा ताण ओळखून अंगस्थिती सुधारायला शिकवणारी ही पद्धत. तिचा कंबरदुखीवर उपयोग होतो, याला 2008 च्या मोठ्या यादृच्छिक चाचणीचा आधार आहे. तिनं अभिनय सुधारतो, याला तेवढा नाही. दुखणं कमी झालेला नट मोकळा वावरतो, हेही कमी नाही.

अभिनय शिकल्यानं माणूस जास्त समजूतदार होतो का?

थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांनी 2012 मध्ये अभिनय शिकणाऱ्या मुलांची इतर कला शिकणाऱ्यांशी तुलना केली. अभिनय शिकणाऱ्यांची सहानुभूती जास्त वाढली, आणि किशोरवयीन मुलांत दुसऱ्याचं मन ओळखण्याची क्षमताही. मुलांनी आपापली निवड केलेली होती, म्हणून कारण-परिणाम पक्का म्हणता येत नाही. तरी शाळांनी याकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रयोगानंतर भूमिका डोक्यातून जात नाही. काय करावं?

वाढलेली नाडी आणि ताणाची संप्रेरकं पडदा पडताक्षणी खाली येत नाहीत. शरीराला वेळ लागतो. 1990 च्या दशकात अमेरिकेत नटांनी मुद्दाम आनंदी आणि दुःखी प्रसंग उभे केले, तेव्हा काही मिनिटांत रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या बदललेली आढळली. शरीरासाठी 'नुसतं नाटक' असं काही नसतं.

ब्लोखच्या पद्धतीत प्रत्येक भावनेनंतर बाहेर पडण्याचा ठरीव विधी आहे: संथ आणि समान श्वास, चेहऱ्यावर हात फिरवणं, अंगस्थिती बदलणं. कुठल्याही पद्धतीत हे जोडता येतं. वेश उतरवणं, सहकलाकाराशी त्याच्या खऱ्या नावानं बोलणं, थोडं चालणं हेही त्यातच येतं. झोप उडाली असेल किंवा पात्राची निराशा आठवडाभर सुटत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही.

'विज्ञानानं सिद्ध झालेली पद्धत' अशी जाहिरात करणाऱ्या शिबिरात जाण्याआधी काय विचारावं?

सिद्ध काय झालंय, ते विचारा. सिद्धांत, की व्यायामाचा परिणाम? तो परिणाम नटांवर दिसला की इतरांवर? चांगला शिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. त्याला माहीत असतं तेवढं सांगतो आणि बाकीचं आपल्या अनुभवाचं आहे म्हणतो. त्याचा अनुभवही मोलाचा असतो, फक्त त्याला दुसऱ्या नावानं विकू नये.

आणखी दोन प्रश्न विचारा: व्यायाम मधेच थांबवण्याची मुभा आहे का, आणि दिवसाच्या शेवटी भूमिकेतून बाहेर येण्यासाठी किती वेळ राखून ठेवला आहे? दुसऱ्या प्रश्नावर शिक्षक गोंधळला, तर फी भरण्याआधी पुन्हा विचार करा.